परागापासून यीस्टपर्यंत : ॲलर्जीच्या कारणाचा पावणेदोनशे वर्षांचा शोध

१/ गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आणि शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारी हरळी ही एकच वनस्पती. १९९६ साली मेलबर्न विद्यापीठातील ब्रूस नॉक्स, मोहन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवताच्या परागातील एका प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. यीस्टने ते प्रथिन तयार केले आणि हरळीच्या परागाची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांनी ते ओळखले. ॲलर्जीचे कारण आता फुलाविना आणि परागाविना पात्रात तयार होत होते. शेतात फुकट मिळणाऱ्या तणाचे प्रथिन यीस्टकडून करवून घेण्याचा हा खटाटोप कशासाठी, याचा हा इतिहास.

२/ प्रारंभ लंडनमध्ये होतो. १८१९ साली जॉन बोस्टॉक या वैद्याने वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकिकत वाचली. दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी त्या रुग्णाचे डोळे लाल होत, शिंकांची मालिका सुरू होई, छाती भरून येई. तो रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉक. लोक या विकाराचा संबंध वाळत्या गवताशी जोडत आणि त्यातूनच ‘हे फीव्हर’ हे नाव रूढ झाले. बोस्टॉकला मात्र ते पटले नव्हते. त्याचा संशय उन्हाच्या तापावर होता. लोकसमज वैद्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता, पण तो सिद्ध कोणी केला नव्हता.

३/ हे काम मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने केले. तोही याच विकाराने त्रस्त होता. उष्णता, प्रकाश, धूळ, ओझोन अशी एकेक शंका त्याने स्वतःवर प्रयोग करून तपासली. हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचा पराग लावताच त्वचा सुजली. त्वचेवरील ॲलर्जी चाचणीचे मूळ या प्रयोगात आहे. चिकट द्राव लावलेल्या काचा उघड्यावर ठेवून तो रोज पराग मोजत असे. पतंगाला काचा बांधून त्याने उंचावरच्या हवेतही पराग शोधला. १८७३ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हवेतील परागाचे प्रमाण आणि विकाराची तीव्रता यांचा मेळ त्यात आकड्यांनिशी दाखवलेला होता.

४/ त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मॉरिल वायमन दुसऱ्या वनस्पतीच्या मागावर होता. तेथे हा विकार उन्हाळ्याअखेरीस, गवताचा बहर ओसरल्यावर उसळत असे. व्हाइट माउंटन्सच्या थंड डोंगराळ भागात गेले की त्रास थांबे. १८७० साली वायमनने रॅगवीड या तणाचे पुडके डोंगरावर नेले. ते उघडून हुंगताच त्याला आणि त्याच्या मुलाला शिंकांनी गाठले. डोंगर तोच, हवा तीच. भर पडली ती केवळ तणाची. गवताखेरीज रानटी तणही दोषी असू शकते, हे यावरून स्पष्ट झाले.

५/ पुढचा प्रश्न उपचाराचा. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून याने टिमोथी गवताच्या परागाचा अर्क अल्प प्रमाणात टोचून, मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. परागात विष असते आणि लसीप्रमाणे शरीराला त्याची सवय लावता येईल, असा त्याचा तर्क होता. विषाची कल्पना चुकीची ठरली, पद्धत टिकली. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, क्षयाने नूनचा मृत्यू झाला. त्याचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी हे काम पुढे नेले आणि आजची इम्युनोथेरपी त्याच परंपरेतली आहे.

६/ या पद्धतीत आरंभापासून एक त्रुटी होती. नूनचे मापनएकक म्हणजे एक मायक्रोग्रॅम परागातून निघणारा अर्क. मोजला जात होता पराग. त्यातील अपायकारक द्रव्य कोणते आणि किती, हे अज्ञात होते. एकाच वजनाच्या दोन अर्कांची ताकद निराळी असू शकत होती, आणि सुई मात्र रुग्णाच्या दंडात शिरत होती. ही केवळ तात्त्विक अडचण नव्हती. अशा उपचारांत १९५७ पासून २६ मृत्यू झाल्याचे ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८६ साली नोंदवले. या मृत्यूंमागे अर्काची अनिश्चितता हे एकमेव कारण नव्हते. तरी टोचल्या जाणाऱ्या द्रवात नेमके काय आहे, हा प्रश्न किती गंभीर होता ते यावरून कळते.

७/ दरम्यान शरीराच्या बाजूनेही शोध चालू होता. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९२१ साली प्राउसनित्स आणि क्यूस्टनर यांनी एक साधा, धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनरला माशाची ॲलर्जी होती. त्याचे सीरम प्राउसनित्सच्या त्वचेत टोचले आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क दिला. त्या जागी गांध उठली. म्हणजे ॲलर्जीचे कारण रक्तातून दुसऱ्याकडे नेता येते. रक्तातील हा घटक कोणता, हे पुढची पंचेचाळीस वर्षे कोणालाही सांगता आले नाही.

८/ त्या घटकाला पकडण्यासाठी तणच कामी आले. १९६२ साली ते पियाओ किंग आणि फिलिप नॉर्मन यांनी रॅगवीडच्या परागातून एक प्रथिन वेगळे काढले व त्याला ‘अँटिजेन ई’ हे नाव दिले. अर्कातील एकूण प्रथिनांचा तो लहानसा भाग होता, पण ॲलर्जी उत्पन्न करण्याची बहुतांश क्षमता त्यात एकवटली होती. ब्लॅकलीने विकार परागापर्यंत आणून ठेवला होता. किंग आणि नॉर्मन यांनी तो एका रेणूपर्यंत आणला.

९/ हे शुद्ध प्रथिन हाती असल्यामुळेच डेन्व्हर येथील किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याला रॅगवीडच्या रुग्णांच्या सीरममधील अनोळखी प्रतिपिंडाचा माग काढता आला. संशोधनातील त्वचाचाचण्यांसाठी त्यांनी स्वतःचे अंग पुढे केले. १९६६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिश स्वतंत्र मार्गाने त्याच प्रतिपिंडापाशी पोहोचले होते. १९६८ साली त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले. ॲलर्जीच्या विज्ञानातील हा मोठा टप्पा एका उपेक्षित तणाच्या शुद्ध केलेल्या प्रथिनावर उभा आहे.

१०/ तरीही परागातून प्रथिन काढण्याच्या मर्यादा कायम होत्या. पराग गोळा करण्याचा हंगाम काही आठवड्यांचा. पाऊस, माती, जागा यांप्रमाणे त्यातील प्रथिनांचे प्रमाण बदलते. एका झाडाच्या परागात दुसऱ्याचा पराग मिसळतो, बुरशीही येते. शिवाय एकाच प्रथिनाची अनेक जवळची रूपे परागात एकत्र असतात. त्यांतले एक रूप वेगळे काढणे जिकिरीचे. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर दोष रुग्णांतील फरकाचा की अर्कातील फरकाचा, हे ठरवणे अवघड होई.

११/ आधी नावांचा गोंधळ मिटवावा लागला. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या प्रथिनाला आपापले नाव देत होती. १९८६ साली आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली : वनस्पतीच्या प्रजातीनामाची पहिली तीन अक्षरे, जातिनामाचे पहिले अक्षर, मग क्रमांक. रॅगवीड म्हणजे ॲम्ब्रोझिया आर्टेमिसिफोलिया. तिचे अँटिजेन ई झाले ‘ॲम्ब ए १’. हरळी म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिचे प्रमुख प्रथिन ‘सिन डी १’. नाव वाचताच स्रोत समजू लागला आणि निष्कर्षांची तुलना सोपी झाली.

१२/ याच काळात जनुकतंत्र उंबरठ्यावर उभे होते. १९८२ साली जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून आले. १९८८ साली ऑस्ट्रेलियात घरातील धुळीच्या किड्याच्या ‘डर पी १’ या ॲलर्जनचे, १९८९ साली बर्च वृक्षाच्या परागातील ‘बेट व्ही १’चे आणि १९९१ साली रॅगवीडच्या ‘ॲम्ब ए १’चे जनुक उलगडल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हंगामाची वाट पाहण्याचे कारण आता उरणार नव्हते. जनुक एकदा हाती आले की प्रथिन हवे तेव्हा, हवे तितके आणि दरवेळी सारखेच बनवता येईल, अशी आशा निर्माण झाली.

१३/ ही आशा जिवाणूंनी अर्धीच पूर्ण केली. ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त आणि वेगवान. पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची नुसती साखळी नव्हे. ती विशिष्ट पद्धतीने दुमडली, तरच तिला योग्य आकार येतो. अनेक परागप्रथिनांचा आकार डायसल्फाइड बंधांनी बांधलेला असतो आणि काहींवर शर्करेच्या शाखा असतात. जिवाणूच्या पेशीत हे बंध नीट जुळतीलच असे नाही, आणि वनस्पतीप्रमाणे शर्करा जोडण्याची सोयही नेहमीच्या प्रयोगशाळेतील जिवाणूत नसते. बरेचदा प्रथिन निरुपयोगी गोळ्याच्या रूपात साचते. त्यात भर म्हणजे जिवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन : त्याचा अंश राहिला, तर रोगप्रतिकारक पेशी त्यानेच चिथावल्या जातात आणि ॲलर्जीचा प्रयोग बिघडतो.

१४/ आकार एवढा महत्त्वाचा का? आयजीई प्रतिपिंड बहुधा प्रथिनाच्या पृष्ठभागावरील खाचाखोचा ओळखते. कुलपाची पितळ तीच, वजनही तेच, पण आतली रचना वाकडी असेल तर किल्ली फिरत नाही. चुकीच्या दुमडीचे प्रथिन वापरून रुग्ण तपासला, तर ॲलर्जी असूनही चाचणी ‘नाही’ म्हणेल. म्हणून असा यजमान हवा होता, जो जिवाणूसारखा झपाट्याने वाढेल, पण ज्याच्या पेशीत वनस्पतीसारखी प्रथिने दुमडण्याची व्यवस्था असेल. यीस्टमध्ये दोन्ही गुण होते. १९८६ साली यीस्टमधून बनवलेली हिपॅटायटिस बी लस वापरात आल्याने या मार्गावरील विश्वासही वाढला होता.

१५/ निवड झाली ती पावाच्या यीस्टची नव्हे, तर ‘पिकिया पास्टोरिस’ या फारशा परिचित नसलेल्या जातीची. तिची कथा तेलाच्या व्यापारातून येते. १९६९ साली जपानमधील कोइची ओगाता यांनी काही यीस्ट मिथेनॉलवर जगू शकतात, हे दाखवले. त्या काळी मिथेनॉल स्वस्त होते. अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने मिथेनॉलवर हे यीस्ट वाढवून त्याचे पशुखाद्य करण्याचा बेत आखला आणि मोठ्या टाक्यांत त्याची अतिशय दाट वाढ करण्याचे तंत्र साधले.

१६/ मग १९७३ चे तेलसंकट आले. मिथेनॉलची किंमत चढली, सोयाबीनचे खाद्य त्यापुढे स्वस्त पडू लागले आणि पशुखाद्याची योजना बारगळली. टाक्यांचे तंत्र मात्र हाती राहिले. १९८० च्या दशकात कंपनीने कॅलिफोर्नियातील एका जैवतंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने या यीस्टचा उपयोग परक्या प्रथिनांच्या निर्मितीसाठी करायचे ठरवले. १९८५ साली जेम्स क्रेग आणि सहकाऱ्यांनी त्यात परके जनुक घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जनावरांचे खाद्य व्हायचे ते यीस्ट अशा रीतीने औषधशास्त्राचे साधन बनले.

१७/ या यीस्टची कळ मिथेनॉलमध्ये आहे. मिथेनॉल पचवण्यासाठी ते अल्कोहोल ऑक्सिडेज नावाचे विकर प्रचंड प्रमाणात बनवते. त्या जनुकाला चालना देणारा डीएनएचा भाग ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल असताना बंद असतो आणि मिथेनॉल मिळताच जोराने सुरू होतो. संशोधक याच भागापुढे परागप्रथिनाचे जनुक जोडतात आणि ते यीस्टच्या गुणसूत्रात बसवतात. आधी ग्लिसरॉलवर यीस्ट भरपूर वाढवायचे, मग मिथेनॉल द्यायचे. काही दिवसांत हवे ते प्रथिन तयार होते.

१८/ त्याला एक जोड दिलेली असते. प्रथिनाच्या टोकाशी यीस्टमधील एक संकेतखूण लावली की पेशी ते प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडते. बाहेर पडण्याच्या वाटेवरच त्याची दुमड होते, डायसल्फाइड बंध जुळतात, शर्करा लागते. पिकिया स्वतःची प्रथिने बाहेर फारशी सोडत नाही. त्यामुळे पेशी गाळून उरलेल्या द्रवातून हवे ते प्रथिन शुद्ध करणे सोपे जाते. शेवटची कसोटी मात्र रुग्णाच्या सीरमची : त्यातील आयजीई या प्रथिनाला धरते की नाही?

१९/ मेलबर्नच्या प्रयोगाचे मोल इथे कळते. हरळीचे ‘सिन डी १’ जिवाणूत बनवले, तेव्हा रुग्णांच्या आयजीईने त्याला ओळखले नाही. तेच जनुक पिकियात घातले आणि प्रतिपिंडांनी ते धरले. जनुक एकच असून यजमान बदलताच उत्तर बदलले. हरळी उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली असल्याने हा निष्कर्ष एका देशापुरता मर्यादित नव्हता. दूर्वा हातात घेतल्याने हा विकार होतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कारण आहे ते वाऱ्यावर उडणारा तिचा पराग.

२०/ पुढच्या दशकात तणांची पाळी आली. भूमध्य सागराकाठच्या जुन्या भिंतींवर पॅरिएटेरिया उगवते. तिचे नावच भिंत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. तिच्या मुख्य प्रथिनांची जनुके १९९० च्या दशकात पालेर्मोच्या संशोधकांनी उलगडली. या लहानशा प्रथिनात चार डायसल्फाइड बंध असतात. २००७ साली स्पेनमधील संशोधकांनी पिकियात बनवलेली ही प्रथिने रुग्णनिदानासाठी पारखली. त्याआधी २००३ साली इसबगोलाच्या कुळातील प्लँटॅगो लान्सिओलाटा या तणाचे ‘प्ला एल १’ पिकियात तयार झाले होते, तेही जैविकदृष्ट्या सक्रिय रूपात.

२१/ यीस्टच्या शर्करेचा एक अनपेक्षित लाभही झाला. १९८१ साली रॉब आल्बर्से आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की काही रुग्णांचे आयजीई पराग, भाज्या आणि मधमाशीचे विष यांना एकाच वेळी धरते. त्याचे कारण त्यांच्या प्रथिनांवरील समान शर्करा. अशी चाचणी ‘होय’ म्हणते, पण रुग्णाला प्रत्यक्षात बहुधा त्रास नसतो. वनस्पतींच्या त्या विशिष्ट शर्करा यीस्ट जोडत नाही. ते मॅनोज जोडते. त्यामुळे यीस्टमधील प्रथिनाने दिलेला ‘होय’ शर्करेमुळे फसवा ठरण्याची शक्यता कमी झाली.

२२/ या इतिहासाचा एक धागा पुण्यातही आहे. १९५६ साली पार्थेनियम या तणाची पुण्यातील नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गाजर गवत, काँग्रेस गवत या नावांनी महाराष्ट्र त्याला ओळखतो. १९७४ साली लोणकर आणि सहकाऱ्यांनी त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे वर्णन केले. तो त्वचारोग वनस्पतीतील पार्थेनिन या लहान रेणूमुळे होतो. परागातील प्रथिनांमुळे होणारा नाकाचा विकार निराळा. दोन्हींना सरसकट ‘गाजर गवताची ॲलर्जी’ म्हटले जाते, पण त्यांची यंत्रणा वेगळी आहे.

२३/ नाकाच्या विकाराचा अभ्यास बंगळूरला झाला. पी. व्ही. सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली पार्थेनियमच्या परागामुळे होणाऱ्या विकाराचा प्रसार नोंदवला. १९९३ साली पार्थेनियम आणि रॅगवीड यांच्या परागांना तेच प्रतिपिंड धरू शकते, हे दाखवले गेले. दोन्ही तणे सूर्यफुलाच्या कुळातील जवळचे आप्त आहेत. ज्या रुग्णाने रॅगवीड कधी पाहिलेही नाही, त्याची रॅगवीडची चाचणी ‘होय’ येऊ शकते. मूळ गुन्हेगार कोण, हे पूर्ण परागाच्या अर्कावरून ठरत नाही. त्यासाठी एकेक प्रथिन वेगळे हवे.

२४/ इथे यीस्टचीही मर्यादा उघड होते. १९९६ साली, हरळीचा निबंध निघाला त्याच वर्षी, पार्थेनियमचे मुख्य ॲलर्जन हायड्रॉक्सिप्रोलीनने समृद्ध असलेले शर्करायुक्त प्रथिन आहे, असे दिसून आले. प्रोलीनवर ही रासायनिक क्रिया करून त्यावर वनस्पतीच्या शर्करा लावण्याची यंत्रणा पिकियात मुळात नाही. जी उणीव भिंतीवरच्या पॅरिएटेरियाच्या बाबतीत नडली नाही, ती गाजर गवताच्या बाबतीत आड येते. म्हणून प्रत्येक प्रथिनासाठी यजमान नव्याने पारखावा लागतो आणि अस्सल परागातील प्रथिनाशी त्याची तुलना करावीच लागते.

२५/ बोस्टॉकने उन्हाला दोष दिला, ब्लॅकलीने परागाला, वायमनने विशिष्ट तणाला, किंग आणि नॉर्मन यांनी एका प्रथिनाला. प्रत्येक पिढीने प्रश्न अधिक अरुंद केला आणि त्यामुळेच उत्तर अधिक उपयोगी झाले. यीस्टमधील प्रथिनामुळे संशोधकाला आपल्या कुपीत काय आहे आणि किती आहे, हे सांगता येऊ लागले. नूनला १९११ साली हेच सांगता येत नव्हते. त्याच्या एककात परागाचे वजन होते. आता प्रथिनाचे वजन आहे. सुईसमोर दंड धरणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने पावणेदोनशे वर्षांच्या या शोधाचे फलित हेच आहे.